अंगण वाकडं नव्हतं

त्या मीटिंगची पहिली अकरा मिनिटं "आवाज येतोय का?" यातच गेली. पलीकडे ग्राहकाचे चार जण, इकडे आम्ही सहा, आणि विषय एका मोठ्या ऑर्डरचा. साहेबांनी मशीन किती आठवड्यांत देऊ ते सांगितलं. पलीकडच्या बाईंनी लिहून घेतलेला आकडा आम्हाला वाचून दाखवला, तो बत्तीस होता. साहेब बावीस म्हणाले होते. दुरुस्त करायला त्यांनी तोंड उघडलं आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठलं. साहेबांचा आ वासलेला चेहरा पलीकडच्या पडद्यावर बराच वेळ तसाच होता म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. "खरेदी तुम्हीच बघता ना? मग हेही बघा. चांगल्यातली सिस्टिम घ्या, महिनाभरात."

आमची कंपनी पॅकिंगची मशीनं बनवते आणि बसवलेल्या मशीनची देखभालही करते. माणसं अठ्ठावन्न. मी मोटर, सेन्सर, पट्टे, बेअरिंग विकत घेते. बेअरिंगच्या कागदावर आतला व्यास, बाहेरचा व्यास, भार, वेग सगळं छापलेलं असतं, आणि आलेला माल मायक्रोमीटर लावून तपासता येतो. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची सिस्टिमही अशीच घ्यायची असणार, असं मी धरून चालले.

म्हणून आधी तक्ता केला. झूम, गूगल मीट, मायक्रोसॉफ्ट टीम्स आणि वेबेक्स असे चार रकाने, आणि त्यांच्या संकेतस्थळांवरून उतरवलेल्या सदतीस ओळी. स्क्रीन शेअर, पार्श्वभूमी धूसर करणं, रेकॉर्डिंग, हात वर करणं, मतदान. दोन संध्याकाळी खपून तक्ता भरला आणि बघते तर सगळीकडे बरोबरच्या खुणा. डोळ्यात भरण्याजोगा फरक फक्त फुकटच्या योजनांमध्ये होता: झूमची मीटिंग ४० मिनिटांनी संपते, मीट आणि टीम्सवरची गटाची मीटिंग ६० मिनिटांनी. सदतीस ओळींतून हाती लागलं ते एवढंच. त्याच आठवड्यात एका विक्रेत्याच्या बोलण्याला भुलून मी मीटिंगच्या खोलीसाठी एक ४के, म्हणजे अगदी बारीक तपशील टिपणारा, कॅमेराही मागवून टाकला. निदान काहीतरी हलल्यासारखं दिसावं, हा त्यातला खरा हेतू.

तक्ता घेऊन हिशेब बघणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून एकदा बघितलं आणि विचारलं, "अहो, पण आपण बोलतो कुणाशी?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग दोन आठवडे सगळ्यांना एक काम लावलं. प्रत्येक कॉलनंतर तीन गोष्टी लिहायच्या: पलीकडे कोण होतं, लिंक कुणाची होती, तुम्ही कुठे बसला होतात. थोडी कुरकुर झाली, पण लिहिलं लोकांनी. त्या चिठ्ठ्या लावताना माझ्या तक्त्याची मलाच लाज वाटली. निम्म्याहून जास्त मीटिंग आमच्या लिंकवर होतच नव्हत्या, ग्राहकाने किंवा पुरवठादाराने पाठवलेल्या लिंकवर होत होत्या. म्हणजे आम्ही जगातलं सर्वात भारी ॲप घेतलं असतं, तरी अर्धा वेळ दुसऱ्याच्याच ॲपवर बसणार होतो. शंभर माणसांची मीटिंग एकही नव्हती, बहुतेक कॉल तिघाचौघांचे. आणि देखभालीच्या कॉलमध्ये एक माणूस हमखास कारखान्याच्या एखाद्या कोपऱ्यात, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन उभा असायचा.

आणखी एक गोष्ट त्या चिठ्ठ्यांतून वर आली, ती मी शोधत नव्हते. कंपनीचं असं खातंच नव्हतं. जो तो आपापल्या खासगी खात्यावरून लिंक काढत होता. दर सोमवारच्या देखभालीच्या मीटिंगची लिंक ज्या मुलीच्या खात्यावर होती, ती महिन्यापूर्वीच नोकरी सोडून गेली होती. आम्ही मात्र दर सोमवारी इमानेइतबारे तिच्या घरात जमत होतो. ग्राहकांच्या मशीनची वर्षभराची रेकॉर्डिंगही तिच्याच खात्यात. फोन केला तर बिचारीने त्याच दिवशी सगळं उतरवून पाठवलं आणि आपल्याकडचं पुसून टाकलं. भांडून गेलेली असती तर? विक्रीतले आमचे सर्वात जुने सहकारी तर परदेशातल्या दोन पुरवठादारांशी अजून स्काइपवरून बोलत होते. मायक्रोसॉफ्टने २०११ साली विकत घेतलेलं स्काइप ५ मे २०२५ला बंद होणार, हे फेब्रुवारीअखेर जाहीर झालं होतं, आणि आमचं हे सगळं चाललं होतं मार्चमध्ये. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "माझं तर आजही चालू आहे."

आता चाचण्या. आमचं नेटवर्क बघणारा मुलगा मला ताई म्हणतो. मी चारही ॲपच्या चाचणी-खात्यांची यादी त्याच्यापुढे ठेवली, तर म्हणाला, "ताई, ॲप बदलण्याआधी मला दोन दिवस द्या. आणि एक खेळ खेळू."

खेळ असा. दोघांनी आळीपाळीने आकडे म्हणायचे. एक म्हणेल एक, दुसरा म्हणेल दोन, पहिला तीन, असं वीसपर्यंत, जमेल तेवढं भरभर. समोरासमोर बसून आम्हाला नऊ सेकंद लागले. मग तो दुसऱ्या इमारतीत गेला आणि तेच आमच्या नेहमीच्या ॲपवर केलं. पंधरा सेकंद. वीसपर्यंत जाताना पाळी एकोणीस वेळा बदलते. सहा सेकंद जास्त लागले, म्हणजे दर पाळीला सुमारे ३१५ मिलीसेकंद. घड्याळ आणि कागद-पेन्सिल एवढ्यात झालेलं हे मोजमाप मला फार आवडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मायक्रोमीटर हातात आल्यासारखं वाटलं.

३१५ जास्त की कमी? त्याने दाखवलं की दूरसंचाराचे मानक ठरवणाऱ्या आयटीयूच्या जी.११४ या शिफारशीत एका बाजूने जाणारा उशीर १५० मिलीसेकंदांच्या आत असावा असं म्हटलंय, आणि ४००च्या वर तर जाऊच नये. मी माझ्या परीने आणखी थोडं वाचलं. दहा वेगवेगळ्या भाषांतलं बोलणं तपासणारा एक अभ्यास २००९ साली आला होता. एकाचं बोलणं थांबून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत माणसं सरासरी दोनशे मिलीसेकंदांच्या आसपासच थांबतात, असं त्यात दिसलं. हे वाचलं आणि आमच्या मीटिंगमधली ती नेहमीची कसरत समजली. दोघं एकदम बोलायला लागतात, दोघंही थांबतात, "तुम्ही बोला", "नाही नाही, तुम्ही बोला", आणि पुन्हा दोघं एकदम. तोवर आम्ही त्याला पलीकडच्यांचा उतावळेपणा समजत होतो. ते आमच्याबद्दल काय समजत असतील, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी तो फायरवॉलच्या, म्हणजे आमच्या नेटवर्कच्या राखणदाराच्या, नोंदींचे कागद घेऊन आला. चेहऱ्यावर अपराधी भाव. "ताई, ॲपचा काही दोष नाही. दार आपणच आतून लावून घेतलंय."

मला जेवढं समजलं तेवढं सांगते. इंटरनेटवर माल पाठवायच्या दोन पद्धती आहेत. टीसीपी म्हणजे रजिस्टर्ड पोस्ट: प्रत्येक पाकिटाची पोच हवी, एखादं हरवलं तर ते पुन्हा पाठवायचं, आणि ते पोहोचेपर्यंत मागची सगळी रांगेत थांबणार. फाइल पाठवायची असेल तर हेच योग्य, कारण तिचं एक अक्षरही गाळून चालत नाही. यूडीपीमध्ये पोच-बीच काही नाही. पाकिटं सोडत राहायचं, एखादं गेलं तर गेलं. जिवंत बोलण्याला ही दुसरी पद्धत लागते. बोलण्यातला शंभरावा हिस्सा गळला तर कान तो भरून घेतो, पण अर्ध्या सेकंदाने पोहोचलेला शब्द म्हणजे वरातीमागून घोडं. म्हणून ही सगळी ॲप आधी यूडीपीने जायचा प्रयत्न करतात. पोर्ट म्हणजे माहिती जायची-यायची क्रमांक दिलेली दारं. मीट आणि टीम्स ३४७८ या पोर्टवरून, झूम ८८०१ आणि त्यापुढच्या काही पोर्टवरून. आमच्या फायरवॉलवर कुणीतरी, कधीतरी, सुरक्षेच्या काळजीपोटी वेब पानांची दोन पोर्ट सोडून बाहेर जाणारं सगळं बंद करून ठेवलं होतं. अशा वेळी ॲप तक्रार करत नाही. ते मुकाट्याने वेब पानांच्या ४४३ या पोर्टवरून टीसीपीने जातं. मीटिंग लागते, चित्र दिसतं, सगळं ठीक आहे असं वाटतं, आणि ओळीवर जरा गर्दी झाली की साहेबांचा चेहरा आ वासून गोठतो.

त्याने लागणारी पोर्ट तेवढी उघडली आणि आम्ही पुन्हा वीसपर्यंत मोजलं. बारा सेकंद. हिशेब केला तर दर पाळीला १५८ मिलीसेकंद.

हिशेबाच्या बाई तिथेच उभ्या होत्या. "म्हणजे नाचता येईना म्हणून इतकी वर्षं आपण अंगण वाकडं म्हणत होतो," एवढं बोलून त्या आपल्या जागेवर गेल्या.

साहेबांना हे सांगायला गेले तेव्हा मला वाटलं होतं की काम संपलं. ते म्हणाले, "मग आता खोलीत बसून कॉल करून बघा." खोलीतून केला, आणि पुन्हा तेच. उशीर कमी झाला होता, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा.

या खोलीने माझा सर्वात जास्त वेळ खाल्ला, आणि मला वाटतं बहुतेक ठिकाणी खरं दुखणं इथेच असतं. आमच्या खोलीच्या दोन भिंती काचेच्या, फरशी गुळगुळीत, मधे लांबलचक टेबल आणि टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप. तोच माइक, तोच कॅमेरा, तोच स्पीकर. मोकळ्या जागेत माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो. अर्ध्या मीटरवर बसलेल्या माणसाच्या तुलनेत चार मीटरवर बसलेल्याचं अंतर तीनदा दुप्पट होतं, म्हणजे अठरा डेसिबलची घट. काचेवर आपटून येणारा घुमारा मात्र खोलीत सगळीकडे जवळपास सारखाच. त्यामुळे टेबलाच्या त्या टोकाला बसलेल्याचा आवाज कमी आणि खोलीचाच आवाज जास्त जातो. इथे सॉफ्टवेअर काय करतं, असं मी विचारलं होतं. स्पीकरमधून बाहेर पडलेला पलीकडचा आवाज माइकमध्ये परत शिरू न देणं त्याला छान जमतं, कारण आपण काय वाजवलं हे त्याला माहीत असतं. पण तुमचाच आवाज तुमच्याच भिंतींवरून फिरून आला की त्यातला मूळ कुठला आणि घुमारा कुठला, हे वेगळं काढणं खूपच अवघड.

लोकांना हे सांगून पटत नव्हतं. सगळ्यांचं एकच, "मोठा पडदा घ्या, चांगला कॅमेरा घ्या." मग मी खोलीतला एक कॉल रेकॉर्ड केला आणि पलीकडे जसा ऐकू आला तसा सगळ्यांना ऐकवला, चित्र झाकून. दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. विक्रीप्रमुखांनी विचारलं, "हा कोण बोलतोय?" तो आवाज त्यांचाच होता.

त्यानंतर काम भराभर झालं. एका काचेला जाड पडदे लावले, छताला आवाज शोषणाऱ्या फरश्या बसवल्या, खाली गालिचा टाकला, टेबल आडवं फिरवलं म्हणजे सगळे जवळ आले, आणि टेबलाच्या मधोमध दोन माइक ठेवले. खोलीतला लॅपटॉप वाय-फायवरून काढून तारेवर घेतला. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. इमारतीतले सगळे राउटर त्याच तीन गल्ल्यांत कोंबलेले असतात, हे मला तेव्हा कळलं.

विक्रेत्याच्या शब्दाखातर मागवलेला कॅमेरा याच सुमारास येऊन पोहोचला. तेव्हा कळलं की बहुतेक मीटिंगमध्ये चित्र जातं ते ७२०पी, म्हणजे ४केपेक्षा खूपच लहान, किंवा त्याहूनही लहान, आणि सहा जणांच्या खिडक्या एका पडद्यावर मांडल्या की प्रत्येकाच्या वाट्याला टपाल तिकिटाएवढी जागा येते. आवाजाचं गणित याच्या अगदी उलट. झूमच्याच माहितीपत्रकात गटाच्या १०८०पी चित्रासाठी अपलोडला ३.८ एमबीपीएस सांगितलेत आणि नुसत्या आवाजासाठी ६० ते ८० केबीपीएस (एक एमबीपीएस म्हणजे हजार केबीपीएस). म्हणजे आवाज लागतो चित्राच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास, आणि मीटिंग बुडते ती मात्र आवाज गेला तर. चित्र गेलं तर फारसं कुणाचं अडत नाही. खरेदीच्या धंद्यात इतका स्वस्त आणि इतका महत्त्वाचा भाग मी दुसरा पाहिलेला नाही.

जाता जाता: अमेरिकेच्या एटी अँड टीने १९६४ सालच्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात पिक्चरफोन मांडला होता, १९७० साली पिट्सबर्गमध्ये तो विकायलाही काढला, आणि काही वर्षांत गुंडाळला. चित्र दिसतं म्हणून लोक वाट्टेल ती गोष्ट विकत घेतील ही समजूत माझ्याहून जुनी आहे, एवढाच दिलासा.

खोली झाली, तार झाली, तरी ॲप निवडायचं होतंच. या वेळी तक्ता काढला नाही. एक परीक्षा ठेवली, तिला आम्ही पाहुण्याची परीक्षा म्हणायचो. आमचे निवृत्त झालेले स्टोअरकीपर काका अधूनमधून भेटायला येतात. त्यांच्या हातात कधीच कुठलं ॲप न घातलेला लॅपटॉप दिला आणि म्हटलं, "काका, ही लिंक दाबा आणि पलीकडे माझ्याशी बोला. बाकी मी काही सांगणार नाही." लिंक दाबल्यापासून पहिला शब्द ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजला, चारही ॲपवर. एका ठिकाणी त्यांनी ॲप उतरवून घ्यायचं बटण दाबलं आणि परवानगी मागणाऱ्या चौकटीपाशी थांबले. ब्राउझरमधूनच येण्याची सोय त्याच पानावर होती, पण इतक्या बारीक अक्षरात की चष्म्यातूनही दिसेना. आमच्या कितीतरी ग्राहकांच्या संगणकांवर बाहेरचं ॲप टाकायला बंदी असते, त्यामुळे ही गंमत आमच्यासाठी गंमत नव्हती. ब्राउझरमधून थेट बोलता येतं ते वेबआरटीसी नावाच्या तंत्रामुळे. गूगलने ते २०११ साली खुलं केलं आणि जानेवारी २०२१मध्ये ते अधिकृत मानक झालं. सोय सगळ्यांकडे आहे, पण काकांना ती सापडते का, हा प्रश्न कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

दुसरी परीक्षा देखभालीच्या मुलांनी घेतली. तळघरात, लोखंडी छपराखाली, डेटाची एखादीच काडी असताना बोलून बघायचं. चित्र सगळीकडेच गेलं. एका ॲपने चित्र आपणहून सोडून आवाज धरून ठेवला, दुसरं दोन्ही धरायच्या नादात दोन्ही घालवून बसलं. तिथे साध्या फोनने नंबर फिरवून मीटिंगमध्ये शिरायची सोय किती मोलाची आहे ते कळलं. माझ्या सदतीस ओळींत ती एकतिसाव्या ओळीला होती.

मग सुरक्षेचा विषय निघाला. एका कंपनीचा प्रतिनिधी सादरीकरण करत होता. "मॅडम, आमचं सगळं एन्क्रिप्टेड आहे." मी विचारलं, "किल्ली कुणाकडे असते?" तो हसला, म्हणाला टेक्निकल टीमला विचारून कळवतो. हा प्रश्न मला नेटवर्कवाल्या मुलाने पढवलेला होता, हे कबूल करते. पण प्रश्न खरा आहे. नेहमीच्या पद्धतीत तुमचं बोलणं वाटेत कुलूपबंद असतं, पण मधल्या सर्व्हरवर, म्हणजे ॲपवाल्या कंपनीच्या संगणकावर, उघडता येतं, कारण किल्ली तिथेही असते. दोन टोकांपर्यंतच्या, म्हणजे एंड-टू-एंड पद्धतीत किल्ली फक्त मीटिंगमधल्यांकडे. ऐकायला छान वाटतं. पण सर्व्हरला काहीच उघडता येत नसेल तर तो रेकॉर्डिंग तरी कसं करणार आणि साध्या फोनवरच्या माणसाला आवाज तरी कसा ऐकवणार? झूमने ही सोय ऑक्टोबर २०२०मध्ये आणली, आणि ती चालू केली की क्लाउड रेकॉर्डिंग आणि फोनवरून येणं बंद होतं. आम्हाला तर देखभालीसाठी दोन्ही हवं होतं. शेवटी ठरलं की रोजच्या मीटिंग नेहमीच्या पद्धतीने, आणि नव्या मशीनच्या आराखड्याची चर्चा असेल तेव्हा एंड-टू-एंड लावायचं, रेकॉर्डिंग करायचंच नाही. आमचा एक ग्राहक युरोपातला. त्याच्या करारात जीडीपीआरचा, म्हणजे युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्याचा, उल्लेख होता, म्हणून रेकॉर्डिंग कुठल्या देशात साठतं आणि किती दिवसांनी आपोआप पुसलं जातं हेही लेखी मागितलं.

मधे एका शनिवारी आमच्या नेटवर्कवाल्या मुलाने स्टोअरमधल्या रिकाम्या संगणकावर जित्सी उभं करून दाखवलं. २००३ साली स्ट्रासबर्गच्या विद्यापीठात एका विद्यार्थ्याने सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. किल्लीही आपली, सर्व्हरही आपला, परवान्याचा खर्च नाही. त्याने समजावलं की आठ जण थेट एकमेकांना जोडले तर प्रत्येकाला आपलं चित्र सात वेळा पाठवावं लागतं. मधे असा सर्व्हर असला की एकदाच पाठवायचं, पुढे वाटायचं काम त्याचं. चाललंही झकास, मला मोह झाला. मग विचारलं, "तू रजेवर असताना हे बंद पडलं तर?" तो बराच वेळ त्या संगणकाकडे बघत राहिला. विषय तिथेच थांबला, पण मनातून गेलेला नाही.

निवड शेवटी जी झाली ती ऐकून साहेब थोडे हिरमुसले. मेल आणि कॅलेंडरसाठी ज्या कंपनीला आम्ही आधीपासून पैसे देत होतो, तिचंच मीटिंगचं ॲप. परवाने होतेच, कुणी वापरत नव्हतं. काखेत कळसा. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तुमची मेल दुसरीकडे असेल तर उत्तर बदलेल. फक्त मेलच्या संचात ते आहेच असं धरून चालू नका, बिलाची ओळ वाचा. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०२४मध्ये टीम्स जगभर ऑफिसच्या संचापासून वेगळं विकायला सुरुवात केली होती. जोडीला विक्री विभागासाठी दुसऱ्या एका ॲपचे दोनच परवाने घेतले, कारण काही ग्राहक त्याशिवाय येत नाहीत. तिथे परवाना मीटिंग बोलावणाऱ्याला लागतो, येणाऱ्याला लागत नाही. त्यांचा प्रतिनिधी मला अठ्ठावन्नचा दर देत होता.

खोलीसाठी मात्र एका मुद्द्यावर मी अडून बसले. फक्त एकाच कंपनीच्या मीटिंगसाठी बांधलेला संच भिंतीवर लावायचा नाही. माइक, स्पीकर, कॅमेरा सगळं यूएसबीच्या एका तारेवर, आणि जो येईल त्याने आपला लॅपटॉप जोडायचा. अर्ध्या मीटिंग दुसऱ्याच्या लिंकवर होतात हे चिठ्ठ्यांनी सांगितलं होतंच. तयार संचात एका बटणावर मीटिंग सुरू होते, ते सुख यात नाही, तार शोधावी लागते. त्याबद्दल मला अजून बोलणी बसतात.

खाती सगळी कंपनीच्या नावावर आणली. माणूस गेला की त्याच्या लिंक आणि रेकॉर्डिंग विभागप्रमुखाकडे जातात. वेटिंग रूम, म्हणजे आत घेईपर्यंत पाहुण्याला बाहेर थांबवायची सोय, सगळ्यांना आपोआप चालू. आणखी एक छोटी गोष्ट केली. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ मीटिंगने येणाऱ्या थकव्याची चार कारणं मांडली होती, त्यातलं एक म्हणजे दिवसभर स्वतःचाच चेहरा बघत राहणं. स्वतःची खिडकी झाकायची कशी, हे मी सगळ्यांना शिकवलं. विक्रीप्रमुखांनी झाकली नाही.

जुन्या सहकाऱ्यांचं स्काइप ५ मेला गेलं. त्याआधी आठवडाभर रोज अर्धा तास त्यांच्याशेजारी बसून आम्ही त्यांचे संपर्क नव्या खात्यात आणले. आता परदेशातल्या त्या पुरवठादारांना तेच लिंक पाठवतात, आणि पलीकडचा अडला की फोनवरून शिकवतातही.

त्याच ग्राहकाबरोबर परवा पुन्हा मीटिंग झाली. आमचा आवाज नीट जात होता, त्यांचाच तुटत होता. "आवाज येतोय का?" त्या बाईंनी तीनदा विचारलं. मीटिंग संपल्यावर आमच्या नेटवर्कवाल्या मुलाने त्यांच्या नेटवर्कवाल्याला चार ओळींचा निरोप पाठवला, पोर्टच्या आकड्यांसह.

वर्षअखेरीची स्टोअरची मोजदाद गेल्या आठवड्यात झाली. यादी सहीसाठी माझ्याकडे आली. बेअरिंग, पट्टे, सेन्सर, आणि खाली शेवटून दुसरी ओळ: कॅमेरा, ४के, १ नग, खोका न उघडलेला. शेरा: कुणी मागवला ते कळत नाही. मी सही केली आणि यादी परत पाठवली.